सज्ज्याची दोन दारे : बंद झालेला एक वृद्धाश्रम आणि त्याचे चॅपल

पार्श्वभूमी

हे प्रकरण कॅथलिक धर्मभगिनींच्या एका संघाने चालवलेल्या वृद्धाश्रमाचे आहे. संघाचे, गावाचे आणि देशाचे नाव मुद्दाम गाळले आहे. तिथे राहून गेलेल्या माणसांची मुले-नातवंडे हयात आहेत आणि आम्ही वाचलेले बरेच कागद खाजगी होते. आश्रम बंद होऊन इमारत विकली जात असताना तिचा इतिहास लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. माझ्यासोबत एक वास्तुविशारद आणि एक अभिलेखपाल होत्या. चॅपलचे पुढे काय करावे यावर आमचे मत त्या कामातच मागितले होते.

इमारत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, विटांची, दुमजली. मधोमध प्रवेश, डावीकडे पुरुषांची शाखा, उजवीकडे बायकांची. दोन शाखांच्या मध्ये मागच्या बाजूला चॅपल. त्या काळच्या अशा घरांमध्ये हा आराखडा वारंवार दिसतो. १८३९ च्या हिवाळ्यात फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात जान ज्युगाँ या मोलमजुरी करणाऱ्या बाईने एका अंध म्हातारीला घरी आणून स्वतःचा बिछाना दिला. त्यातून गरीब वृद्धांची सेवा करणारा एक मोठा संघ उभा राहिला. आमच्या प्रकरणातला संघ तो नव्हे, पण काळ तोच आणि प्रेरणाही तीच. कारखान्यांच्या शहरात ज्यांना घर उरले नव्हते, अशा म्हाताऱ्यांना मरेपर्यंत एक खाट, जेवण आणि प्रार्थना मिळावी, एवढाच हेतू होता.

शंभराहून अधिक वर्षे हे घर चालले. मग नव्या मुली संघात येईनाशा झाल्या. शेवटच्या काळात काही सिस्टर ज्यांची सेवा करायच्या त्यांच्याहून वयाने मोठ्या होत्या. आगीपासूनच्या सुरक्षेचे नियम कडक झाले, जिने आणि लिफ्ट त्यांत बसेनात. संघाने घर बंद करायचे ठरवले आणि परवडणारी घरे बांधणाऱ्या एका ना-नफा संस्थेला इमारत विकायचे बोलणे सुरू झाले. व्यवहाराचा तपशील इथे महत्त्वाचा नाही. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, हे मात्र सांगायला हवे. यात कोणी खलनायक नाही. जे गमावले ते घाईत, आणि कामांचा क्रम चुकल्यामुळे.

अडचण

विकत घेणाऱ्या संस्थेला चॅपलच्या उंच पोकळीत दोन मजले घालून सदनिका काढायच्या होत्या. संघाला चॅपल सन्मानाने राहावे असे वाटत होते, पण म्हणजे नेमके काय, हे ठरले नव्हते. गावातल्या लोकांना चॅपल हवे होते आणि बाकीच्या घराबद्दल फारसे काही म्हणायचे नव्हते. आम्हाला मिळालेल्या कामाच्या पत्रातही तसेच होते : चॅपलची सविस्तर नोंद, घराचा थोडक्यात आढावा.

ही विभागणी आम्ही निमूट मान्य केली. चॅपल म्हणजे वारसा आणि घर म्हणजे लांबच लांब मार्गिका, फरश्या, नळ आणि खाटा, असे आमच्याही मनात होते. पुढच्या बहुतेक चुका इथून निघाल्या.

दुसरी अडचण वेळेची. घर बंद होणार हे राहणाऱ्यांना सर्वांत शेवटी सांगायचे असे ठरले होते. म्हातारी माणसे घाबरतील, हे त्यामागचे कारण होते आणि ते खोटे नव्हते. त्यामुळे त्यांच्याशी बोलू नका, अशी विनंती आम्हाला झाली आणि आम्ही ती पाळली. आम्ही मोजमापे घेत फिरत होतो तेव्हा बाकांवर बसलेली माणसे आमच्याकडे पाहत होती. आम्ही नमस्कार करून पुढे जात होतो.

इतिहास : सांगितलेला आणि सापडलेला

घराची एक ठरलेली गोष्ट होती. उत्सवाच्या जुन्या पुस्तिकांमधून ती पुन्हा पुन्हा छापली गेली होती. एका धर्मगुरूंनी घर स्थापन केले, चॅपल घरासोबतच बांधले आणि चॅपलच्या दोन्ही बाजूंचे सज्जे गायकवृंदासाठी होते. तिन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या.

चॅपलचे वय भिंतीनेच सांगितले. चॅपल आणि मुख्य इमारत जिथे मिळतात तिथे विटा एकमेकींत गुंतलेल्या नाहीत, वरपासून खालपर्यंत सरळ उभी सांध आहे. एकाच वेळी बांधलेल्या भिंतीत अशी सांध सहसा येत नाही. मागच्या मार्गिकेत गिलाव्याखाली बुजवलेल्या दोन खिडक्या सापडल्या. त्यांच्या बाहेरच्या बाजूचा दगडी उंबरा आता चॅपलच्या आत येतो. म्हणजे एके काळी तिथून उजेड येत होता आणि बाहेर मोकळी जागा होती. जमाखर्चाच्या वहीने यावर शिक्का मारला : चॅपलच्या विटांची, चुन्याची आणि सुताराची देणी घर सुरू झाल्यावर काही वर्षांनी येतात. तोवर मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, जेवणघरात होई. तिथल्या एका भिंतीतले खोल कपाट आम्ही भांड्यांचे समजत होतो. ते वेदीचे होते. प्रार्थनेच्या वेळी दारे उघडायची, मग बंद करायची.

म्हणजे आधी खाटा आल्या, मग जेवणाची टेबले, आणि शेवटी चॅपल. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. हाती पैसा आला तेव्हा त्या बायकांनी आधी कशावर खर्च केला, हे त्यातून कळते.

स्थापनेचा प्रश्न जास्त नाजूक होता. प्रवेशाजवळच्या संगमरवरी पाटीवर धर्मगुरूंचे नाव होते. वह्या मात्र पहिल्या पानापासून एका सिस्टरच्या अक्षरात होत्या. जागेच्या खरेदीखतावर दोन बायकांची नावे होती आणि धर्मगुरूंचा पहिला उल्लेख बऱ्याच नंतर, चॅपलसाठी देणग्या मागताना येतो. त्यांचे काम खरे होते, पण स्थापना त्यांची नव्हती. अशा संघांच्या इतिहासात हे नवे नाही. जान ज्युगाँचेच पाहा. १८४३ मध्ये सल्लागार धर्मगुरूने त्यांना नेतृत्वावरून बाजूला केले आणि पुढे स्थापनेचे श्रेय स्वतःकडे घेतले. १८७९ मध्ये त्या वारल्या तेव्हा आपल्यासोबत राहणारी ही म्हातारी सिस्टरच संस्थापिका आहे, हे संघातल्या कित्येक तरुण भगिनींना ठाऊक नव्हते. रोमने चौकशी करून त्या धर्मगुरूला १८९० मध्ये पदावरून दूर केले. जान ज्युगाँना संतपद मिळाले ते २००९ मध्ये. आमच्या घराच्या कथेत असा कपटीपणा दिसला नाही. पाटी बसवणाऱ्यांनी त्या काळच्या सवयीने पुरुषाचे नाव घातले असावे, इतकेच वह्यांवरून म्हणता येते.

सज्ज्यांचा उलगडा सर्वांत उशिरा झाला. चॅपलच्या दोन्ही बाजूंना पहिल्या मजल्याच्या उंचीवर एकेक सज्जा आहे. गायकवृंदासाठी म्हणावे तर चॅपलमधून वर जायला जिनाच नाही. डाव्या सज्ज्याचे दार पुरुषांच्या शाखेच्या वरच्या मार्गिकेत उघडते, उजव्याचे बायकांच्या. दोन्ही दारे घरातल्या इतर दारांपेक्षा बरीच रुंद आणि दोन्हींना उंबरा नाही. सज्ज्याचा कठडा उभ्या माणसाच्या कमरेच्याही खाली येतो आणि भरीव नसून दांड्यांचा आहे. उभा माणूस तिथे सुरक्षित नाही. पण आडव्या पडलेल्या माणसाच्या डोळ्यांची रेघ काढली तर ती दांड्यांमधून थेट वेदीवर जाते. वास्तुविशारद बाईंनी हे छेदचित्रात, म्हणजे इमारत उभी कापल्यासारखी दाखवणाऱ्या चित्रात, काढून दाखवले तेव्हा खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही. सज्जे खाटांसाठी होते. रुग्णकक्षातल्या खाटा चाकांवरून ढकलत आणायच्या आणि अंथरुणातूनच मिस्सा पाहायची.

ही कल्पना फार जुनी आहे. फ्रान्समधल्या बोन इथल्या, १४४३ मध्ये स्थापलेल्या रुग्णालयात गरिबांच्या लांब दालनाच्या एका टोकाला लाकडी जाळीपलीकडे चॅपल आहे, म्हणजे भिंतीलगतच्या खाटांवरून वेदी दिसावी. त्याच वेदीसाठी रोखिअर वान डेर वेडन यांनी अंतिम न्यायाचे मोठे चित्र काढले. मरणाऱ्या माणसाच्या समोर काय असावे, याचा तो विचार होता. जर्मनीतल्या ल्यूबेक शहरातले पवित्र आत्म्याचे रुग्णालय तर १२८६ चे. पुढे चर्चचे दालन, त्यामागे म्हाताऱ्या-आजाऱ्यांचे लांबलचक दालन. १८२० मध्ये त्या दालनात लाकडी फळ्यांच्या छोट्या छोट्या खोल्या केल्या आणि १९७० पर्यंत वृद्ध तिथे राहत होते. आमच्या घराचे सज्जे याच परंपरेतले. हे पहिल्याच दिवशी लक्षात आले असते, तर घर आणि चॅपल असे दोन तुकडे आम्ही केलेच नसते.

एका सिस्टरची फेरी

रहिवासी हलवले गेले. तीन वेगवेगळ्या ठिकाणी. आम्हाला बोलण्याची परवानगी मिळाली ती त्यानंतर. आम्ही छायाचित्रे घेऊन गेलो. काही जणांनी बरेच सांगितले, पण अनेकांचा धागा तुटला होता. जुन्या खोलीत ज्या माणसाला खिडकीकडे बोट दाखवून वीस गोष्टी सांगता आल्या असत्या, तो नव्या खोलीत छायाचित्र हातात धरून नुसता बसला. म्हाताऱ्या माणसाची आठवण जागेला टांगलेली असते. जागा काढून घेतली की तिला अडकायला खुंटी उरत नाही. हे आम्हाला आधी कळायला हवे होते. वृद्धांसोबत काम करणाऱ्या कुणालाही ते ठाऊक असते, आम्ही मात्र इमारतींसोबत काम करणारे होतो.

मग अभिलेखपाल बाईंनी सुचवले की माणसांना जागेवर आणू. बहुतेकांची प्रकृती तशी नव्हती. एक सिस्टर तयार झाल्या. कामाचे जवळजवळ सगळे आयुष्य त्यांनी या घरात काढले होते. रिकाम्या इमारतीत आम्ही त्यांना एक पूर्ण दिवस नेले. प्रश्न विचारायचे नाहीत, त्या चालतील तसे मागे जायचे, एवढेच ठरवले होते.

तळमजल्याच्या मार्गिकेत त्यांनी भिंतीचा लाकडी कठडा धरला आणि सहज म्हणाल्या की हा चॅपलमधला कठडा. आम्ही चकित झालो. आमच्या यादीत त्याची नोंद होती : मार्गिकेतला आधाराचा कठडा, लाकडी, दर्जा सामान्य. ठेकेदाराच्या यादीत तो काढून टाकायच्या वस्तूंत होता.

घडले होते असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या काळात, १९६२ ते १९६५ मध्ये, उपासनेची रीत बदलू लागली. रोमच्या सप्टेंबर १९६४ च्या सूचनापत्राने मुख्य वेदी भिंतीपासून सुटी असावी, धर्मगुरूला लोकांकडे तोंड करून मिस्सा करता यावी, असे सुचवले. वेदीपुढचा जो कठडा धरून गुडघे टेकून लोक कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकरी, घेत, तो काढा असे त्यात कुठे म्हटले नव्हते, पण जगभर अनेक चर्चांनी तो काढला. इथेही निघाला. ओक लाकडाचा, हातांनी गुळगुळीत झालेला. टाकून द्यायचा कसा? त्या वेळच्या मदरनी, म्हणजे घराच्या प्रमुख सिस्टरनी, सुताराला बोलावून तो दोन तुकड्यांत मार्गिकेच्या भिंतीला बसवून घेतला. माणसे आता त्याला धरून जेवायला जाऊ लागली.

आम्ही पडताळले. कठड्याच्या लाकडाची घडण वेदीजवळच्या बाकांच्या घडणीशी जुळली. चॅपलच्या फरशीत बुजवलेल्या खाचा होत्या आणि त्यांच्यातले अंतर कठड्याखालच्या जुन्या छिद्रांशी बरोबर बसले. त्या मदरचा हा निर्णय कुठल्याही वहीत नव्हता. तो एकाच माणसाच्या स्मरणात होता.

सज्ज्यांबद्दलही त्यांनीच सांगितले. नवरा-बायको दोघे आश्रमात आले तर शाखा वेगळ्या. पुरुष डावीकडे, बाई उजवीकडे. चालते-फिरते असताना बागेत भेट होई. दोघेही अंथरुणाला खिळले की भेटीची जागा एकच उरायची : समोरासमोरचे सज्जे. मधे चॅपलची पोकळी. सिस्टर खाटा अशा लावत की दोघांना एकमेकांचे तोंड दिसावे आणि वेदीही दिसावी. दोन्ही जमवायला खाट थोडी तिरकी लावावी लागे, असे त्या म्हणाल्या आणि हाताने कोन करून दाखवला.

पर्याय

या दिवसानंतर आमचा अहवाल बदलला, पण व्यवहार बराच पुढे गेला होता. चॅपलपुढे चार वाटा होत्या.

पाडणे हा पर्याय गंभीरपणे कुणीच मांडला नाही. दोन मजले घालून सदनिका करणे संस्थेच्या हिशेबाला सर्वांत सोयीचे होते. त्यात दर्शनी भिंत आणि रंगीत काचा वाचल्या असत्या, पण सज्ज्यावरून सज्ज्याकडची आणि सज्ज्यावरून वेदीकडची दृष्टिरेषा, म्हणजेच इमारतीचा गाभा, कायमचा गेला असता.

तिसरी वाट गावातल्या काहींना आवडली होती : आतली सजावट सोडवून संग्रहालयात न्यायची. याला मोठे उदाहरण आहे. कॅनडात ओटावा शहरातल्या रिडो स्ट्रीट कॉन्व्हेंटची इमारत १९७२ मध्ये पाडली, पण तिच्या चॅपलचा अंतर्भाग १,१२३ तुकड्यांत सोडवून जपला गेला आणि १९८८ पासून तो तिथल्या राष्ट्रीय कलादालनात पुन्हा उभा आहे. पाडकाम थांबतच नसेल तेव्हा हे फार मोठे काम आहे, मला त्याबद्दल आदर आहे. पण आमच्या चॅपलचे सौंदर्य नक्षीत नव्हतेच. ते खाटेपासून वेदीपर्यंतच्या वाटेत होते. रुग्णकक्ष मागे ठेवून ते उचलले असते, तर संग्रहालयात दोन विचित्र ठेंगणे सज्जे उभे राहिले असते आणि खाली पुन्हा लिहिले असते : गायकवृंदासाठी.

चौथी वाट म्हणजे पोकळी तशीच ठेवून सर्व रहिवाशांचे सामायिक दालन करणे. माँट्रियलमध्ये ग्रे नन्स या संघाचे मातृगृह कॉन्कॉर्डिया विद्यापीठाकडे गेल्यावर तिथल्या चॅपलचे २०१४ मध्ये शांत वाचनदालन झाले. उंची आणि शांतता दोन्ही राहिली. आम्ही ही वाट सुचवली. संस्थेचा आक्षेप रास्त होता : काही सदनिका कमी होतील, त्यांचे पैसे कुठून आणायचे?

याच सुमारास चर्चचा कायदा पुढे आला आणि त्याने चर्चेला अनपेक्षित वळण दिले. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार अशा घरातले चॅपल हे चर्च नव्हे, प्रार्थनालय. कलम १२२४ सांगते की अधिकारी वरिष्ठांच्या संमतीशिवाय त्याचा लौकिक, म्हणजे उपासनेबाहेरचा, वापर करता येत नाही. ही संमती इथे बिशपांची लागत होती. चर्चबद्दलच्या कलमात, १२२२ मध्ये, वापर हीन नसावा अशी अट आहे. प्रार्थनालयाला ती शब्दशः लागू नसली तरी बिशपांच्या कार्यालयाने तोच भाव धरला. खरी अडचण कलम १२३८ ची. वास्तू लौकिक वापरात गेली तरी वेदीचे पावित्र्य जात नाही, मग ती स्थिर असो वा हलवता येण्याजोगी. म्हणजे वेदी तिथे शोभेची वस्तू म्हणून ठेवून चालणार नव्हते. विकत घेणाऱ्यांच्या वकिलांनी ती वस्तूंच्या यादीत घातली होती. वेदीच्या दगडात संताचे अवशेष होते आणि अवशेष विकायला कलम ११९० पूर्ण मनाई करते. यादी दुरुस्त करावी लागली. त्यासाठी बिशपांच्या कार्यालयाचे प्रतिनिधी, संघाच्या प्रांतप्रमुख आणि संस्थेचे लोक पहिल्यांदाच एका टेबलाशी बसले. तोवर सगळे पत्रांनी चालले होते.

त्या बैठकीत वास्तुविशारद बाईंनी छेदचित्र टेबलावर पसरले. मी सिस्टरची तिरकी खाट सांगितली. संस्थेच्या प्रमुख बाई बराच वेळ चित्र पाहत राहिल्या. आपल्या नव्या घरातही निम्मे लोक म्हातारेच असणार आहेत, असे त्या म्हणाल्या. मजले घालण्याचा बेत त्या दिवशी मागे पडला.

काय केले

शेवटच्या मिस्सानंतर पवित्र साक्रामेंत, म्हणजे चॅपलमध्ये जपून ठेवलेली पवित्र भाकरी, दोन्ही शाखांच्या मार्गिकांमधून फिरवत बाहेर नेला. हा मार्ग सिस्टरनीच सुचवला होता. वेदीचा दगड आणि अवशेष संघाच्या दुसऱ्या घरी गेले. मग बिशपांचा लेखी निर्णय निघाला. व्हॅटिकनच्या संस्कृती परिषदेने २०१८ मध्ये रोमला परिषद भरवून उपासना थांबलेल्या वास्तूंबद्दल मार्गदर्शक तत्त्वे तयार केली होती. स्थानिक समाजाला सोबत घेऊन, शक्यतो लोकोपयोगी वापर शोधावा, हा त्यांचा रोख. सामायिक दालनाच्या बाजूने त्यांचा आधार उपयोगी पडला.

मागच्या आवारातली सिस्टरांची दफनभूमी तशीच ठेवली आणि तिथे येण्या-जाण्याचा हक्क खरेदीखतात लिहून घेतला. रहिवाशांना गावाच्या दफनभूमीत पुरत. तिथे फार थोड्या कबरींवर नावे आहेत, नोंदवहीत मात्र सगळी आहेत.

पाटीबद्दल वाद झाला. काढून टाकावी असे काहींचे मत होते. मी विरोध केला. घराने स्वतःबद्दल काय समजूत करून घेतली होती, त्याचा ती पुरावा आहे. पाटी राहिली आणि तिच्याशेजारी वह्यांवरून सिद्ध झालेला मजकूर लावला, त्यात पहिल्या सिस्टरचे संघातले नाव आहे.

नोंदवह्यांवरून आमच्यातच मतभेद झाले आणि त्यात मी हरले. प्रवेशाच्या वहीत प्रत्येकाचे वय, गाव, धंदा, आजार आणि इथे येण्याचे कारण आहे. सून ठेवत नाही. मुलगा तुरुंगात. मुलगी आहे पण लग्नाआधीची. या एकेका ओळीत त्या शतकाचा सामाजिक इतिहास आहे आणि मला ती वही अभ्यासकांना खुली हवी होती. अभिलेखपाल बाईंचे म्हणणे असे की या माणसांनी ही माहिती खाटेच्या बदल्यात सांगितली, इतिहासाला दिली नाही. वह्या संघाच्या अभिलेखागारात गेल्या. जुन्या वह्या अर्ज करून पाहता येतात, अलीकडच्या बंद आहेत. छापील इतिहासात एकाही रहिवाशाचे नाव नाही. आज मला त्यांचे म्हणणे पटते, तेव्हा पटत नव्हते.

निष्पत्ती

चॅपल आज दालन आहे. गायनाचा सराव, सभा, लहान मुलांचे खेळ तिथे होतात. डावा सज्जा खुला राहिला. उजव्या सज्ज्यावर काचेची भिंत घालून बैठकीची खोली केली. कमी झालेल्या सदनिकांच्या बदल्यात संस्थेने ती जागा मागितली होती आणि ती तडजोड आम्ही मान्य केली. काचेतून वेदीची जागा दिसते, पण खालचा आवाज तिथे पोचत नाही. सज्ज्यासाठी हे मोठे नुकसान आहे.

आगीच्या नियमांमुळे उजवे रुंद दार बदलावे लागले. मूळ दार खाली प्रवेशाच्या भिंतीला उघड्या स्थितीत लावले आहे. डावे अजून जागेवर आहे, उंबऱ्याशिवाय.

कठड्याचा निरोप ठेकेदाराच्या माणसांपर्यंत पोचेपर्यंत दोन तुकड्यांपैकी एक निघून गेला होता. शोधला, मिळाला नाही. दुसरा त्याच मार्गिकेत आहे आणि लोक तो धरून चालतात.

वेदीजवळची सोडून बाकीची बाके आम्ही मोजण्याआधीच देऊन टाकली होती. ती नेहमीपेक्षा लांब अंतरावर होती का, काठीवाल्या माणसाला आत शिरता यावे म्हणून त्यांची टोके कापली होती का, हे प्रश्न आम्हाला नंतर सुचले. एक बाक एका कुटुंबाकडे सापडले. त्याचे एक टोक खरेच कापलेले आहे. एका बाकावरून मात्र काही सिद्ध होत नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिला निर्णय पुन्हा घ्यायची संधी मिळाली तर मी राहणाऱ्यांशी बोलू नका ही अट स्वीकारणार नाही. घर बंद होतेय हे न सांगताही बोलता आले असते. या घराचा इतिहास लिहिते आहे, तुम्ही इथे कसे राहता ते दाखवाल का, असे विचारण्यात खोटे काही नव्हते. रोज जेवायला कोणत्या वाटेने जाता, कुठे थांबता, कशाला धरता. कठडा पहिल्या आठवड्यात सापडला असता आणि दोन्ही तुकडे वाचले असते.

कामाच्या पत्रातली 'चॅपल सविस्तर, घर थोडक्यात' ही ओळ सही करण्याआधी बदलून घ्यायला हवी होती. सज्ज्याची दारे चॅपलच्या नकाशात फक्त दारे दिसतात. ती ज्या मार्गिकेत उघडतात ती घराच्या नकाशात आहे. आम्ही दोन नकाशे दोन वेगळ्या माणसांकडून करून घेतले होते. ते एकावर एक ठेवायला आम्हाला दोन महिने लागले.

बिशपांचे कार्यालय, संघ आणि विकत घेणारे यांची बैठक सुरुवातीलाच व्हायला हवी होती. वेदीच्या कलमामुळे ती झाली, हा योगायोग. ते कलम आड आले नसते तर सगळे पत्रांवरच उरकले असते आणि आज तिथे दोन मजले असते. उजव्या सज्ज्याच्या काचेबद्दल मात्र माझे मत अजून डळमळते. अडून बसलो असतो तर कदाचित दोन्ही सज्जे खुले राहिले असते, कदाचित सगळा करारच मोडला असता.

अहवाल पूर्ण झाल्यावर मी एक प्रत सिस्टरना पाठवली. त्यात सज्ज्याचा नकाशा होता, सज्ज्यात तीन खाटा दाखवल्या होत्या, मापाने तेवढ्याच बसत होत्या. काही दिवसांनी नकाशा पेन्सिलच्या खुणांसह परत आला. तिन्ही खाटा खोडून त्यांनी तिरक्या काढल्या होत्या आणि तशा लावल्यामुळे दाराजवळ जी जागा उरत होती, तिथे चौथी काढली होती. शेजारी लिहिले होते, इथे नेहमी दाराकडे डोके. आम्ही मोजून पाहिले. चार बसतात. अहवालातला नकाशा त्याप्रमाणे बदलला आहे.